व्यायामाचा क्लास लावायचाय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

ज्यांनी आजवर कधी व्यायामाचा क्लास लावलेला नाही, किंवा शाळा-कॉलेज सुटल्यापासून ज्यांना शरीराकडे बघायला सवडच मिळाली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एकट्यानं रोज चालायला जायचं ठरवलं की आठवड्याभरात मोडतं. चार माणसं वाट बघताहेत म्हटल्यावर मात्र पाय आपसूक घराबाहेर पडतात. म्हणून गटातला व्यायाम मला नवख्यांसाठी सर्वांत भरवशाचा वाटतो.

अडचण निवडीची आहे. झुंबा, एरोबिक्स, योग, पॉवर योगा, फंक्शनल ट्रेनिंग, किकबॉक्सिंग, क्रॉसफिटच्या धर्तीचे वर्ग असे टिळकवाडीपासून सदाशिवनगरपर्यंत एवढे फलक दिसतात की माणूस गोंधळून जातो. मग होतं असं, की आधी नाव आवडतं, लगोलग फी भरली जाते, आणि शिकवणाऱ्याकडे लक्ष जातं ते गुडघा दुखायला लागल्यावर. हा क्रम उलटा करा. आधी स्वतःचं शरीर बघा, मग रस्ता आणि वेळ, मग शिकवणारा. क्लासचं नाव सगळ्यांत शेवटी.

पायरी १: घरी बसून आपली मोजणी

कुठंही चौकशीला जाण्याआधी घरातच चार गोष्टी करून बघा. साध्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सलग दहा वेळा उठता-बसता येतं का? भिंतीजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का? दोन जिने चढून गेल्यावर समोरच्याशी सरळ बोलता येतं, की आधी धाप ओसरायची वाट बघावी लागते? खाली मांडी घालून बसल्यावर उठताना किती टेकू लागतो? जे जमत नाही ते कागदावर लिहा. जोडीला बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर टेपनं मोजा. आपल्याकडच्या पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असं डॉक्टर मानतात. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे.

आता दिवसभर शरीर काय करतं तेही लिहा, कारण क्लासनं भरून काढायची ती उरलेली बाजू. उद्यमबागेत फाउंड्रीत उभ्यानं पाळी करणाऱ्याला पुन्हा तासभर उड्या मारायला लावणारा वर्ग नको. त्याला पाठ, खांदे आणि मांडीमागचे स्नायू मोकळे करणारा, हळूहळू ताकद वाढवणारा व्यायाम हवा. वडगाव-खासबागेत मागावर काम करणाऱ्यांची मान आणि कंबर आखडलेली असते. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका तासन् तास वाकून बसतात, त्यांची छाती आणि खांदे उघडले पाहिजेत. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात दुकानात बसणाऱ्याचं, बँकेतल्याचं, संगणकावरच्या मुलाचं दुखणं वेगळं. त्यांच्या हृदयाला आणि पायांनाच काम नसतं, म्हणून धाप लागणारा व्यायाम त्यांनी आधी धरावा.

‘शेतात राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य येळ्ळूर, कंग्राळी, बेनकनहळ्ळी कुठंही ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे. शेतकऱ्याचा दम आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला असतो. पण शेतातली हालचाल एकाच घडणीची असते: वाकायचं, उचलायचं, परत वाकायचं. भात लावणीच्या दिवसांत कंबर धरते ती म्हणूनच. शिवाय सुगी सरली की दोन-तीन महिने हालचाल एकदम खाली येते. अशांना आठवड्यातून दोन दिवस पाठीच्या ताकदीचा आणि सांधे मोकळे करण्याचा वर्ग पुरतो.

किती व्यायाम पुरे याचं मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेलं आहे. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. ६५ च्या पुढच्यांनी त्यात तोल सांभाळण्याचे व्यायाम घालावेत. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. जोरकस म्हणजे चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो. घड्याळ नसलं तरी ही खूण पुरते.

पायरी २: डॉक्टरांना कधी विचारायचं

सगळ्यांनाच तपासण्या करून घ्यायची गरज नसते. पण चालताना छातीत दाब किंवा दुखणं, कधी चक्कर येऊन शुद्ध हरपणं, हृदयविकाराचा इतिहास, ताब्यात नसलेला रक्तदाब, मधुमेह, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा बाळंतपण, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि नुसतं ‘व्यायाम करू का?’ असं विचारू नका. ‘उड्या चालतील का, डोकं खाली आणि पाय वर चालेल का, वजन उचलू का, किती दमलेलं चालेल?’ असं नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं.

तीन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात, म्हणून मुद्दाम सांगतो. काचबिंदू असेल तर शीर्षासनासारखी डोकं खाली करणारी आसनं टाळायची, कारण त्यानं डोळ्यातला दाब वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेगच कमी ठेवतात. त्या चालू असतील तर मनगटावरच्या घड्याळाचा आकडा धरून किती जोर लावायचा ते ठरवू नका, बोलता येतं का ही खूणच धरा. आणि इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहाटे उपाशीपोटी जोरकस क्लासला जाऊ नये. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवावी, आणि थरथर, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं वाटणं म्हणजे साखर उतरल्याची खूण, हे शेजारी उभ्या राहणाऱ्याला सांगून ठेवावं.

पायरी ३: कुठल्या वर्गातून काय मिळतं

नाच आणि एरोबिक्सच्या वर्गात हृदय-फुप्फुसांचा दम वाढतो आणि मन रमतं. झुंबा नव्वदच्या दशकात कोलंबियाच्या बेतो पेरेझ यांनी सुरू केलं. ते नाव नोंदणीकृत आहे आणि शिकवणाऱ्याला त्याचा परवाना लागतो, तो चालू ठेवावाही लागतो. तेव्हा फलकावर झुंबा लिहिलेलं असेल तर परवान्याबद्दल विचारायला लाजू नका. परवाना नसेल तर शिकवणारा वाईटच, असं नाही. चांगला डान्स फिटनेस घेणारे खूप आहेत. पण जे नाही ते आहे म्हणून सांगणाऱ्यावर बाकीच्या बाबतीत किती विसंबायचं, याचा विचार करा. या वर्गांची खरी उणीव दुसरीच असते: ताकदीचं काम जवळजवळ नसतं. रोज झुंबा करूनही दंड आणि पाठ कमजोर राहू शकते. शिवाय गिरक्या आणि उड्या असल्यानं गुडघे-घोटे दुखणाऱ्यांनी ‘न उडता’ करायची रीत शिकून घ्यावी.

योगाच्या वर्गात लवचीकपणा, तोल, श्वासावर ताबा आणि मनाची शांतता मिळते. पण योग या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एका ठिकाणी आसनं सावकाश आणि प्राणायाम जास्त, दुसरीकडं सूर्यनमस्कारांच्या आवर्तनांनी घामाघूम. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा. बारा स्थितींचा सूर्यनमस्कार ठरावीक वेगानं घातला तर दम आणि ताकद दोन्ही लागतात, पण मनगट आणि कंबर दुखणाऱ्यांनी तो शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच सुरू करावा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिलेले शिक्षक असतात. तो दाखला असेल तर चांगलंच.

ताकदीचे वर्ग, म्हणजे डंबेल, केटलबेल (वर मूठ असलेलं गोल वजन), रबरी पट्टे आणि स्वतःच्या वजनाचे व्यायाम. माझ्या मते चाळिशीपुढच्या प्रत्येकानं, आणि बायकांनी तर आवर्जून, यातला एक तरी वर्ग करावा. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि त्याला आवर घालण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे स्नायूंना भार देणं. ‘वजन उचललं की बायकांचं शरीर पुरुषी होतं’ ही भीती अजून पुष्कळ घरांत आहे. ती सोडून द्या. तेवढे स्नायू घडवायला वर्षांचे कष्ट आणि वेगळा आहार लागतो. दोन किलोच्या डंबेलनं आणि खुर्चीवरच्या बैठकांनी एवढंच होतं की गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबर धरत नाही.

थोडा वेळ पण जिवाच्या आकांतानं करायचे वर्ग, ज्यांना एचआयआयटी म्हणतात, नवख्यानं पहिल्या दोन-तीन महिन्यांत टाळावेत असं मला ठामपणे वाटतं. त्यातला ताबाता प्रकार, म्हणजे २० सेकंद पूर्ण जोर आणि १० सेकंद विश्रांती, असं चार मिनिटं. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासावरून तो जगभर गेला. पण तो अभ्यास आधीच तंदुरुस्त असलेल्या, खेळणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांवर, एका जागी बसवलेल्या सायकलवर झाला होता. दहा वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला टाइलच्या फरशीवर तेच उड्या मारून करायला लावणं ही गोष्ट वेगळी. पाया भक्कम झाला की जरूर करा.

आणि तालीम. व्यायामशाळांच्या फलकांच्या गर्दीत ती विसरली जाते, पण हा आपला सगळ्यांत जुना गटातला व्यायाम आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा येळ्ळूरच्या जत्रेतल्या मैदानात कुस्त्या बघायला गर्दी करणाऱ्या आपल्या भागात आजही गल्लोगल्ली, गावोगावी तालमी आहेत. दंड, बैठका, मुद्गलांची जोडी फिरवणं, दोर चढणं यांतून पूर्ण शरीराची ताकद येते, आणि खर्चही बेताचा असतो. तरुण मुलांसाठी याहून चांगलं काही सुचवता येणार नाही. मात्र चाळिशीत पहिल्यांदा जाणार असाल तर वस्तादांना सरळ सांगा, ‘वस्ताद, मला लढायचं नाही, अंग मोकळं करायचंय.’ चांगला वस्ताद पाच-दहा बैठकांपासून सुरू करून देतो. पहिल्याच दिवशी शेकड्यानं बैठका मारायला लावणाऱ्याकडं जाऊ नका.

नवख्यासाठी माझा सल्ला साधा आहे: आठवड्यातले दोन दिवस ताकद, एक-दोन दिवस दम, आणि रोज दहा मिनिटं घरी स्नायू ताणायचे व्यायाम. एकाच ठिकाणी हे सगळं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर एक क्लास लावा आणि दुसरी बाजू पायी चालून भरून काढा. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा किल्ला तलावाच्या कडेनं झपझप चालायला क्लासची फी लागत नाही.

पायरी ४: रस्ता आणि वेळ

क्लास सुटण्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतोच, रस्ता असतो. ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला, त्याच वाहनानं एकदा जाऊन बघा. टिळकवाडीत रेल्वे गेटच्या पलीकडं क्लास असेल तर गेट पडल्यावर किती थांबावं लागतं ते बघा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गोवावेस आणि आरपीडी क्रॉसची गर्दी सकाळच्या मानानं वेगळीच असते. दारापासून दारापर्यंत वीस मिनिटांच्या पुढचा क्लास कितीही नावाजलेला असला तरी नवख्यानं धरू नये असं मी म्हणेन. निपाणीहून कोल्हापूरला किंवा खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करणाऱ्यांनी ठरवावं की क्लास घराच्या टोकाला बरा की कामाच्या. माझ्या बघण्यात कामाच्या टोकाचा जास्त टिकतो, कारण घरी पाय टाकला की परत निघणं जड जातं.

आपल्या पावसाचाही विचार करा. जून ते सप्टेंबर बेळगावात, आणि खानापूरकडं तर त्याहून जास्त, पाऊस धरून राहतो. मैदानावर किंवा गच्चीवर चालणारी बॅच पावसाळ्यात कुठं भरते? पत्र्याखाली भरत असेल तर पाण्याच्या आवाजात शिकवणाऱ्याचं ऐकू येतं का? ओल्या चपला आत येऊन फरशी निसरडी होते का? चिकोडी, अथणीकडं पाऊस कमी, पण उन्हाळ्यात संध्याकाळची बॅच सहाच्या आत नको. पंखे आणि हवा खेळती आहे का ते बघा. वर्ग मंगल कार्यालयाच्या सभागृहात भरत असेल तर लग्नसराईत काय करतात ते आधीच विचारा, नाहीतर ऐन मे महिन्यात बॅच बंद आणि फी मात्र चालू. गणपतीत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत, गावच्या जत्रेत किती दिवस सुट्टी असते तेही.

बायकांनी परतीचा रस्ता अंधारात कसा आहे, जिन्यात दिवा आहे का, कपडे बदलायची खोली आतून कडी लागणारी आहे का, हे स्वतः बघावं. लेडीज बॅच म्हणून सांगितलेल्या वेळेत आत दुसरं कोण असतं, तेही एकदा न सांगता जाऊन बघावं. यात संकोचण्यासारखं काही नाही. चांगल्या ठिकाणी अशा प्रश्नांचा राग येत नाही.

पायरी ५: एक दिवस बघायला जा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. एक दिवसाचा चाचणी वर्ग बहुतेक ठिकाणी देतात. मागून घ्या. आणि जमल्यास त्याआधी एक वर्ग नुसता कडेला बसून बघा, कारण स्वतः करताना दुसरीकडं लक्ष जात नाही.

दहा मिनिटं लवकर पोहोचा. शिकवणारे सर किंवा मॅडम नव्या माणसाशी काय बोलतात ते फार सांगून जातं. ‘आधी काही दुखणं आहे का? औषध चालू आहे का? आजवर काय व्यायाम केलाय?’ हे तीन प्रश्न न विचारता ‘या, मागं उभं राहा’ म्हणणाऱ्याकडं मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही. काही ठिकाणी छापील फॉर्म भरून घेतात. तो वाचून तुमच्याशी बोलणं होतं का, की नुसता खणात जातो, ते पाहा.

वर्ग सुरू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं अंग तापवण्यासाठी दिली पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या पहाटेच्या गारठ्यात तर ती थोडी जास्तच हवीत. थंड स्नायूंवर थेट उड्या म्हणजे दुखापतीला आमंत्रण. मग बघायचं ते शिकवणाऱ्याचे डोळे कुठं आहेत. आरशात स्वतःकडं आहेत, की खोलीभर फिरताहेत? एखाद्याचा गुडघा बैठकीत आत झुकतोय, कोणाची कंबर प्लँकमध्ये, म्हणजे कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरताना, खाली लोंबतेय, हे दिसल्यावर जवळ जाऊन नीट करतात का? हात लावून सुधारण्याआधी विचारतात का? एका शिकवणाऱ्याला पंधरा-वीस माणसांपलीकडं नवख्यांवर नजर ठेवणं अवघड जातं. चाळीस जणांच्या वर्गात कोणी मदतनीस आहे का ते पाहा.

सगळ्यांत मोठी कसोटी अशी: प्रत्येक व्यायामाची सोपी रीत दाखवतात का? ‘ज्यांना उडी नको त्यांनी पाय बाजूला टाका’, ‘गुडघे टेकून करा’, ‘खाली बसणं जमत नसेल तर खुर्ची घ्या’ असं जिथं सहज आणि मान ठेवून सांगितलं जातं, तो वर्ग नवख्याचा. जिथं मागं राहिलेल्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर हसतात, जिथं ‘दुखू दे, दुखल्याशिवाय काही होत नाही’ असं ओरडतात, तिथून निघून या. स्नायू भाजल्यासारखा होणं वेगळं आणि सांध्यात टोचणं वेगळं. हा फरक शिकवणाऱ्यानंच शिकवायला हवा.

जमीनही पायानं तपासा. शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइलवर रोज उड्या म्हणजे नडगी आणि टाचांवर मार. लाकडी किंवा रबरी चटयांची जमीन बरी. तसं नसेल तर बूट चांगले हवेत आणि उड्या कमी. गाणी एवढ्या मोठ्यानं लावत असतील की सूचना ऐकूच येत नाहीत, तर तेही वजा करा. शेवटी पाच मिनिटं अंग शांत करण्यासाठी देतात, की दुसरी बॅच दारात आली म्हणून घाईनं बाहेर काढतात? प्रथमोपचाराची पेटी कुठं आहे आणि कोणाला काही झालं तर काय करतात, हेही विचारा. १०८ ला फोन करायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवायला शिकलेलं माणूस तिथं असेल तर ती मोठी जमेची बाजू.

भाषेचं एक सांगायला हवं. आपल्याकडं एकाच वर्गात मराठी, कन्नड, हिंदी, कोकणी बोलणारी माणसं असतात, आणि उत्तम शिकवणारे कितीतरी जण कन्नड भाषक आहेत. भाषेवरून चांगला शिक्षक सोडू नका. व्यायामाच्या सूचना मोजक्याच असतात आणि चार दिवसांत कानावर बसतात: एड म्हणजे डावा, बल म्हणजे उजवा, कै मेले म्हणजे हात वर, उसिरु म्हणजे श्वास, बेन्नु पाठ, निधान सावकाश, साकु पुरे. एक वाक्य मात्र पहिल्याच दिवशी तोंडात हवं: ‘मोणकालु नोवु’, गुडघा दुखतोय. आणि समजलं नाही तर हात वर करून थांबा. अंदाजानं वजन उचलू नका.

पायरी ६: फी

पहिल्यांदा एकाच महिन्याची भरा. वर्षाची एकदम भरली तर सवलत मोठी दिसते, पण तुम्हाला तो वर्ग मानवेल की नाही हे तीन-चार आठवड्यांनंतरच कळतं. जीएसटी धरून किती, नोंदणीची वेगळी रक्कम आहे का, आजारपणात किंवा गावी गेल्यास दिवस पुढं ढकलून मिळतात का, शिकवणारी व्यक्ती मध्येच बदलली तर पैसे परत मिळतात का, हे विचारून उत्तर पावतीवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. पावती जपून ठेवा. क्लासवालेच प्रोटीनचे डबे आणि ‘फॅट बर्नर’ विकत असतील आणि पहिल्याच आठवड्यात गळ्यात मारत असतील, तर सावध व्हा. भाकरी, उसळ, डाळ, ताक, अंडी, मासे यांतून नवख्याची गरज भागते. महिन्यात दहा किलो उतरवून देतो म्हणणाऱ्याकडं फी भरूच नका.

कपडे-बुटांवर आधी खर्च नको. घाम टिपणारा सुती टी-शर्ट, सैल पँट किंवा पंजाबी ड्रेस चालतो. ओढणी मात्र बाजूला ठेवा. उड्यांचा वर्ग असेल तर बूट चांगले घ्या, योगाला अनवाणी. पाण्याची बाटली आणि छोटा टॉवेल बरोबर ठेवा.

पायरी ७: पहिला महिना

पहिले दोन आठवडे मुद्दाम कमी करा. दहा सांगितले तर सहा करा. वर्गातून बाहेर पडताना अजून थोडं जमलं असतं असं वाटलं पाहिजे. नवीन व्यायामानंतर अंग दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, आणि हळूहळू ओसरतं. हे नेहमीचं आहे. हलकं चाललं की बरं वाटतं. पण सांध्याला सूज, एकाच जागी टोचणारी कळ, किंवा आठवडा उलटला तरी न हटणारं दुखणं असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि फार जोराच्या वर्गानंतर स्नायू सुजून कडक झाले, लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, तर वाट न बघता दवाखाना गाठा. स्नायू मोडून त्यातले घटक मूत्रपिंडावर ताण आणतात, त्याची ती खूण असू शकते. छातीत दाब, जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं जाणारी कळ, अचानक गार घाम आला तर व्यायाम तिथंच थांबवून १०८.

जड जेवण आणि वर्ग यांत दोन-तीन तास जाऊ द्या. पहाटेच्या बॅचला जाताना अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरतात. वर्गाहून आल्यावर कुंद्याची वाटी समोर आली तर एखादा चमचा खा, आनंदानं खा, पण रोजचं बक्षीस करू नका.

तारखांची वही ठेवा. गेलो की टिंब, न गेलो की कारण. महिनाअखेरीला पायरी १ मधल्या चार चाचण्या परत करा. पहिल्या काही आठवड्यांत आरशात फरक दिसत नाही, कारण स्नायू वाढण्याआधी मेंदू आणि नसा ते नीट वापरायला शिकतात. पण खुर्चीवरून उठणं सोपं झालेलं असतं, जिना चढून बोलता येतं, झोप लागते. असं काही दिसत असेल तर आता तीन महिन्यांची फी भरायला हरकत नाही. काहीच बदललं नसेल, आणि वहीत टिंबं भरपूर असतील, तर शिकवणाऱ्याशी बोला: ‘सर, माझ्यासाठी काय बदलता येईल?’ नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा वर्ग बघा. टिंबंच कमी असतील तर बॅचची वेळ बदला, बहुतेक वेळा दोष वेळेचाच असतो.

खंड पडणारच. लावणी येईल, पोरांच्या परीक्षा येतील, गणपतीची दहा दिवसांची धावपळ येईल. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौडीला जाणाऱ्यांनी त्या दिवशीचा जोरकस क्लास सोडला तरी चालेल, दौड हाच त्या दिवसाचा व्यायाम धरा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर परत आल्यावर वजन आणि आवर्तनं निम्म्यावर आणा, आठवडाभरात चढवत न्या. आजारपणानंतर, विशेषतः ताप येऊन गेल्यावर, आधी दोन-तीन दिवस नुसतं चालून बघा. आणि परतल्यावर वर्ग सुरू होण्याआधीच सांगा, ‘मॅडम, महिनाभर आले नव्हते, आज सोपं घेते.’